अर्धी हिरवी साडी

— हॅलो?

— हॅलो… कोण? … बाई?

— हो वं, मीच आहे, रुख्मा. आवाज काहून असा येऊन राहिला तुहा? … नाही, तू बोल. मी रिकामीच बसली आहे. मले आता काम कोण सांगते! सून कपबशी धुऊ देत नाही.

रुख्माबाई पलंगावर पाय सोडून बसली होती. डोळ्यांवर दवाखान्यातून दिलेला काळा चश्मा, मांडीवर सुनेची साडी. फोन उमरेडहून होता, थोरल्या बहिणीचा; पलीकडचं बोलणं तिला एकटीलाच ऐकू येत होतं. तिचं नाव अंजनाबाई, पण रुख्मा तिला बोलायला लागल्यापासून नुसतं बाईच म्हणते. दोघी कोष्ट्यांच्या घरच्या, दोघींचं बालपण हातमागाच्या खड्ड्याशेजारी गेलेलं. रुख्माचा माग तिच्या लग्नानंतर काही वर्षांत सुटला. बाईचा उमरेडला अजून चालू…

— काय म्हटलं? … पुन्हा सांग.

— उद्या नाही येत? … काहून नाही येत?

— अवं पण… ऐक नं… बाई, ऐक नं वं आधी. उद्याची तारीख घेतली आहे. तुह्या तपासण्या झाल्या, शुगर बरी आली, सगळं झालं. माह्या भूपेशनं सुटी टाकली, सकाळीच गाडी घेऊन येते तो तुले घ्याले. अन् तू आता म्हणते…

— मोतीबिंदू पिकला नाही? कोण म्हणते पिकला नाही? … पार्वतीबाई? तुह्या शेजारची? ते डॉक्टर कधी झाली वं?

— तो काय आंबा आहे का, गवतात ठेवून पिकवाले! ते जुन्या काळची गोष्ट झाली बाई. तेव्हा पिकल्याशिवाय काढताच येत नव्हता म्हणून थांबत होते लोक. आता नाही थांबत. डॉक्टरीणबाईनं तुह्यासमोरच सांगितलं. जितका ठेवला तितका कडक होते, कडक झाला का काढाले त्रास. अन् लयच ठेवला तर डोळ्यात दाब वाढते, मंग आतली नस खराब झाली तर नजर कोण आणून देईन? … ऐकलं होतं ना तू? … हं. … मंग?

दोघींचे डोळे एकाच दिवशी तपासले होते. त्याच मशीनवर, एकीनंतर एक हनुवटी टेकवून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मोठ्या बहिणीचं आधी करू, त्यांचं जास्त झालंय. पण बाईनं हात आडवा केला. आधी रुख्माचं करा. तिच्या घरी पाहणारी सून आहे. हिचं कसं होते ते पाहतो, मग माझं. आणि बाहेर येऊन जिन्यावरच रुख्माकडून वचन घेतलं, की जे होईल ते खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून गोड करून नाही सांगायचं.

— सांगतो ना. खरं खरंच सांगतो. शपथ. … नाही दुखलं. … थोडं? हां, थोडं जाणवलं. दुखलं नाही, जाणवलं. फरक आहे त्याच्यात. … इंजेक्शन नाही दिलं, नुसते थेंब टाकले, डोळा सुन्न झाला. मंग वरून एक मोठा उजेड. सुई-बिई काही दिसत नाही. पाणी वाहून राहिल्यासारखं वाटते अन् मशीनचा आवाज… आपल्या धाग्याच्या कांड्या भरायच्या चरख्यासारखा, घर्र घर्र. मले तर आपलं घर आठवलं वं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, तुमचा चरखा चांगला चालून राहिला. ते म्हणे, आजी, हलू नका. हसू पण नका अन् मले पण हसवू नका.

— नाही वं! डोळा बाहेर नाही काढत! हे कोणं सांगितलं? … बाई, त्या पार्वतीबाईले एक दिवस माह्याकडं पाठवून दे, बस.

— तिच्या जावेचा डोळा खराब झाला? … कसा झाला, ते विचारलं का? … हं. … हं. म्हणजे दवाई टाकलीच नाही, अन् तिसऱ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, अन् पदरानं डोळा चोळला. … हो ना? … मंग डोळ्याचा काय दोष! हलकं-फुलकं काम नाही ते, मी नाही म्हणत नाही. लाखात कोणाचं बिघडत असन. पण नीट पाळलं तर नाही बिघडत. अन् डोळा लाल झाला, दुखला, कमी दिसाले लागलं, तर लगेच फोन करायचा, असं त्यायनं दहादा सांगितलं.

— आता तू गप ऐक. मले जसं समजावलं तसं सांगतो तुले. आपल्या डोळ्यात एक भिंग असते. … भिंग. लेन्स म्हण. … सगळ्यायच्याच असते, जन्मापासून. काचेसारखं साफ. वय झालं का ते गढूळ होते, पिवळं पडते. तोच मोतीबिंदू. वरून पडदा-गिडदा काही येत नाही. आतलं भिंगच मळते. म्हणून तर थेंबानं जात नाही, चश्म्यानं जात नाही. … आता त्या भिंगाले एक खोळ असते, उशीले असते तशी. त्या खोळीले बारीक तोंड पाडते, आतला कापूस बारीक करते, ओढून घेते. खोळ तशीच ठेवते. अन् त्याच खोळीत नवीन लेन्स. घडी करून टाकते, आत गेली का आपोआप उघडते. … हो, घडी! रुमालासारखी. … टाका? मले तर एकही नाही पडला.

— मंग? आहे का नाही कारागिरी?

बाई पलीकडून काहीतरी लांबलचक सांगत होती. उन्हाळा लागलाय, डोळ्याचं काम थंडीतच करावं, असलं काहीतरी. रुख्माबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मोकळा झालेला हात साडीवर ठेवला. पट्टी निघाल्यापासून तिला रोज काहीतरी नवीन सापडत होतं. स्वयंपाकघराची भिंत पांढरी होती, सायीच्या रंगाची नव्हती. संत्र्याची साल केवढी पेटल्यासारखी दिसते! आरशातल्या बाईचा चेहरा पाहून तर ती म्हणाली होती, ही म्हातारी घरात कधी आली? सगळं हसण्यावारी गेलं होतं. आज सकाळपर्यंत.

सकाळी सुनेनं, काजलनं, ही साडी धुऊन गच्चीवर वाळत टाकली.

काजलच्या डोहाळजेवणाची साडी. सातव्या महिन्यात हिरवी नेसतात, म्हणून बाईनं बऱ्याच दिवसांनी अख्खी साडी स्वतःच्या मागावर विणली होती. उभा ताणा हिरवा, आडवा बाणा हिरवा. बस पकडून, मांडीवर घेऊन ती स्वतः आली होती, आणि ह्याच पलंगावर दोघी बहिणींनी साडी उलगडून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली होती, लहानपणापासून तपासायच्या तशी. एकीनं हात फिरवायचा, दुसरीनं पाहायचं. चूक नाही, बाई म्हणाली. चूक नाही, रुख्मा म्हणाली.

उन्हात वाळणारी साडी पदरापासून मध्यापर्यंत हिरवी होती. तिथून पुढं निळी. सुरीनं रेघ मारावी इतकी सरळ, एका धाग्यावर संपलेला हिरवा आणि दुसऱ्या धाग्यावर सुरू झालेला निळा. आडव्या धाग्याची एक कांडी संपली होती आणि बाईच्या हातानं शेजारच्या निळ्या ढिगातली उचलून मागाच्या धोट्यात भरली होती. पुढंही त्याच ढिगातल्या. दोन म्हाताऱ्या बहिणी, चार पिवळे पडलेले डोळे, आणि कुणालाच…

— हं? … ऐकून राहिली ना. … थिएटरात एसी असते बाई, तुले ऊन कुठून लागन? उलट मीच कुडकुडत होती तिथं.

— थांब. काजल आली दवाई टाकाले. फोन ठेवू नको, ऐकली? … हं, टाक बेटा. … वर पाहतो, हं. … झालं? … हो, मिटून बसतो. बोलाले काय डोळे लागते का!

— हॅलो, हं. … तेच म्हणतो मी तुले. ही पोरगी, स्वतः पोटुशी, पाय सुजते तिचे. पण घड्याळ चुकू देत नाही. हात साबणानं धुऊन येते, मंग बाटलीले हात लावते. मी म्हटलं, मी टाकून घेतो. तर माहा थेंब गालावर, नाकावर, सगळीकडं पडते, डोळा सोडून. … हो, पुण्य आहे वं. आपलंच काहीतरी पुण्य. … तुह्यासाठी पण तेच करते म्हणे ते. इथंच राहायचं तुले, माह्या पलंगावर. उमरेडले कोण पाहीन तुले? तुहा पोरगा रुपराव दिवसभर दुकानात.

— अन् बाई, खरं सांगायचं ठरलं ना आपलं? मंग हे पण ऐक. मले बाहेर आणलं तेव्हा तू कुठं होती?

— बाजूले? माह्या बाजूले?

— बाई, तू दुसऱ्याच बाईचा हात धरून बसली होती.

— नाही, अंधार नव्हता तिथं. … हो, सगळ्यायले एकसारखे झगे होते, एकसारख्या टोप्या होत्या, एका डोळ्याले पट्टी होती, खरं आहे. पण ते बाई माह्या दुप्पट होती वं! … अन् तुहे बिस्किटं पण खाल्ले तिनं.

— नाही, मस्करी नाही करून राहिली. … ऐक नं. … मी तिथंच व्हीलचेअरवर होती, दोन हातावर. तू तिले म्हणून राहिली होती, रुखमे, भिऊ नको, मी आहे इथं. … मले ऐकू येऊन राहिलं होतं सगळं. हात तिचा धरला, पण नाव तर माहं घेतलं ना? … माही भीती तिथंच गेली बाई. मी त्या नर्सले म्हटलं, थांबा, बोलू द्या तिले.

— तूच पाठवलं नं मले. तू मले पुढं ढकललं नसतं तर मी आजही भिंतीले हात लावत संडासले जात असती. ते काय विसरू मी?

काजल बाटलीचं झाकण लावून दारातच थांबली होती. सासूच्या मांडीवरची साडी तिला दिसली.

— मंग काय अडलं तुहं? आता खरं तू सांग. पार्वतीबाई सोड, थंडी सोड.

— …

— माग? … माग बंद राहीन म्हणून?

— थोडे दिवस राहीन, मंग बसशील ना पुन्हा. … नाही वं, तुह्या मागावर दुसरी कोण बसते! … हं. … हं. … काय?

— हाताले दिसते?

— मले माहीत आहे तुहे हात. मले धागा सांधाले त्याच हातानं शिकवलं. डोळे मिटून सांधून दाखवत होती तू, अन् मी टाळ्या वाजवत होती. पण बाई…

— नाही, मी कमी नाही समजून राहिली. … अवं, कोण म्हणते तुहा हात चुकते?

— कोणती साडी?

रुख्माबाईनं वर पाहिलं. काजल जोरजोरात मान हलवत होती. नाही. सांगू नका.

बाईनं विचारलं होतं, आणि आव्हान देतात तसं विचारलं होतं. काजलची साडी तर मी याच डोळ्यांनी विणली ना? तूच तपासली ना? मग सांग, कुठं हात चुकला? एक धागा दाखव. बाईनं विणलेला नग कुठल्या व्यापाऱ्यानं परत केल्याचं रुख्माला माहीत नव्हतं. दुसरं काही बाईजवळ उरलं नव्हतं मिरवायला. सोनं नाही, शिक्षण नाही, नवरा जाऊन किती वर्षं झाली. हात तेवढे होते. आता नुसतं "नाही चुकला" म्हटलं, की बाई खूश होणार, उद्या उमरेडला मागावर बसणार, आणि तिच्या डोळ्यातलं ते भिंग तिथंच कडक होत…

— बाई.

— हो, मांडीवरच आहे.

— तू खरं सांगाले सांगितलं होतं. जिन्यावर.

— पदरापासून अर्धीपर्यंत हिरवी आहे.

— पुढं निळी.

— …

— निळी वं. निळी. … ताणा हिरवाच आहे, बाणा निळा. मधात कांडी बदलली, तिथून. … एक-दोन धागे नाही बाई. शेवटपर्यंत.

— मले आजच दिसलं. … नाही, नजरेचा भ्रम नाही. मी दोन्ही डोळ्यानं वेगवेगळी पाहिली. नव्या डोळ्यानं पाहिली तर निळी. नवा डोळा झाकून जुन्यानं पाहिली तर… पुन्हा सगळी हिरवी. गच्चीवर उभी राहून हेच करत होती मी, एक डोळा झाक, दुसरा झाक. शेजारचे समजले असन, बाई पागल झाली.

— तुहा हात नाही चुकला. विण पाहिली मी, एक धागा ढिला नाही कुठं. हाताले रंग कसा समजन? … अन् मी तरी काय केलं? मी पण तर पाहून म्हटलं होतं, चूक नाही.

— बाई?

— आहे ना?

— बाई, बोल नं वं.

— … हो. आहे इथंच. … देतो.

फोन काजलच्या हातात गेला. काजलनं तो ओढणीला पुसला, उगाच, आणि कानाला लावला.

— हॅलो, मोठ्या मावशी. … हो, बरी आहे. … हो.

— हो, दिसलं होतं. … घडी उघडली तेव्हाच.

— कशाले सांगू? … नाही हो मावशी, तुमची लाज नाही वाटली. लाज वाटली असती तर नेसली असती का? मिरवली मी त्याच्यात. फोटो पाहा नं… म्हणजे, पाहाल नं नंतर.

— विचारलं ना बायायनं. मी म्हटलं, धूपछाव आहे. एका रंगाचा ताणा, दुसऱ्या रंगाचा बाणा, उन्हात हलवली का दोन्ही रंग दिसते. आमच्या मावशीनं मुद्दाम विणली. … आता खोटं काय आहे त्याच्यात? अर्धी तर आहेच धूपछाव.

— नाही, कोणीच नाही हसलं. … उलट माही काटोलची काकू पदर सोडतच नव्हती. तुमचा नंबर घेऊन गेली, अशीच पाहिजे म्हणे, अर्धी हिरवी, अर्धी निळी.

— आला होता? काकूचा फोन? … मंग तुम्ही काय म्हटलं?

— असली साडी आमच्या घराण्यात कोणी विणत नाही, म्हणून फोन ठेवून दिला तुम्ही!

काजल हसायला लागली, पोटाला हात लावून भिंतीला टेकली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं मनगटानं पुसलं.

— हॅलो… हो, हो, हसून नाही राहिली. … मावशी, ऐका नं. माह्यासाठी आजपर्यंत कोणी साडी विणली नव्हती. दुकानातून आणते सगळे. तुम्ही नीट दिसत नसताना महिनाभर खड्ड्यात पाय घालून बसल्या. मी त्याच्यात रंग मोजत बसू का?

— अन् बाळाचं पहिलं दुपटं पण तुमच्याच मागावरचं पाहिजे मले. सांगून ठेवते. … रंग? तो तुम्हीच पाहून ठरवा.

— … घ्या, देते. आई, घ्या.

रुख्माबाईनं फोन घेतला. पलीकडं नुसता पंख्याचा आवाज, आणि दूर कुठंतरी भंगारवाल्याची आरोळी. उमरेडच्या त्या खोलीत बाई कुठं बसली असेल ते तिला दिसत होतं. मागाच्या खड्ड्याच्या काठावर, फोन दोन्ही हातांनी धरून.

— बाई, रागावली का?

— …

— नसतं सांगितलं मी. खरंच नसतं सांगितलं. आयुष्यभर ठेवलं असतं पोटात. पण मंग तू उद्या आली नसती.

— …

— मले त्या उजेडाचं कोणाले सांगू असं झालं आहे वं. रोज सकाळी उठतो अन् पहिले तुही आठवण येते. हे सगळं मी एकटीच पाहून राहिली. ज्या बाईनं मले पाठवलं, ते तिकडं धुक्यात बसली आहे. मले गोड नाही लागत बाई.

— रडून राहिली का? … नाही? मंग काय करून राहिली?

— शोधून राहिली? काय शोधून राहिली?

— कांड्या! … अवं, आता राहू दे त्या कांड्या! कोणती हिरवी, कोणती निळी, ते काय फोनवर सांगू मी तुले!

— …

— हं?

— काय? … केस?

रुख्माबाईनं काजलकडं पाहिलं आणि एक बोट वर केलं. थांब. बोलू नको.

— हो. … हो, आजच धुवा लागते. उद्यानंतर लय दिवस डोक्यावरून पाणी नाही घेता येत. … नाही, तेल नको लावू. काजळ-बिजळ पण नको. … शुगरच्या गोळ्यायचं भूपेश सांगते तुले रात्री, डॉक्टरीणबाईले विचारून. … साधंच लुगडं नेस, तिथं झगाच घालते.

— वाळते ना! काहून नाही वाळणार? किती उरले आता आपले केस!

— ऊन आहे अजून अंगणात. … हो. … जा. … अवं, फोनवर काय बसली, ऊन चाललं जाईन. जा नं वं…

पण बाईनं फोन आधीच ठेवला होता.